पेटी नियमाप्रमाणे पूर्ण होती: विमान कंपन्यांना एका परिचारिकेचं खुलं पत्र

प्रति,
जगभरातल्या विमान कंपन्यांचे संचालक,
देशोदेशीच्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्था,
आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना (इकाओ)

महोदय, महोदया,

मी गेली २२ वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हे पत्र आधी एकाच विमान कंपनीला खासगी लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. त्यात माझे आभार मानले होते आणि पुढे एक वाक्य होतं: ‘या उड्डाणातील वैद्यकीय पेटी लागू नियमांनुसार पूर्ण होती आणि कर्मचाऱ्यांनी ठरलेल्या कार्यपद्धतीचं पालन केलं.’

हे वाक्य खरं आहे का, ते मी शोधलं. नियम मिळवले, याद्या वाचल्या, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. वाक्य खरं निघालं. पेटी खरोखर नियमाप्रमाणे पूर्ण होती. म्हणूनच आता हे पत्र त्या एका कंपनीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

त्या रात्री काय झालं ते आधी सांगते. लांबचं उड्डाण होतं, जेवणं आटोपून दिवे मंद केले होते. विमानात कोणी डॉक्टर असल्यास पुढे यावं अशी घोषणा झाली. कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा घोषणा झाली तेव्हा मी बटण दाबलं. क्रूमधली एक मुलगी आली. ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’ मी म्हटलं, नाही, आयसीयूत सिस्टर आहे. ती घुटमळली, आत जाऊन कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, ओळखपत्र दाखवावं लागेल. ओळखपत्र वरच्या कप्प्यातल्या बॅगेत, बॅग दोन बॅगांच्या मागे. ते सगळं उपसून मी त्या गृहस्थांपर्यंत पोहोचले.

आयसीयूतली एक सवय आहे, वेळा लिहून ठेवायची. कागद नव्हता म्हणून तळहातावर पेनाने लिहिल्या. दुसरी घोषणा १.४०. मी रुग्णापाशी १.४६.

सत्तरीचे गृहस्थ होते, मधल्या आसनावर. सदरा घामाने चिंब, हात गार, नाडी जलद. डोळे अर्धवट उघडे, बोलणं बरळल्यासारखं. छातीत दुखत असेल असं समजून क्रूने ऑक्सिजन लावला होता. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण समोरच्या पट्टीवर जेवणाचा ट्रे तसाच होता, वरचा फॉइलचा कागदही फाडलेला नव्हता. मी त्यांच्या पत्नीला विचारलं, हे जेवले नाहीत का? त्या म्हणाल्या, जेवण येताना दिसलं तसं यांनी इन्सुलिन घेतलं, ट्रे येईपर्यंत डोळा लागला. दमलेत, झोपू दे म्हणून मी उठवलं नाही.

मधुमेहाचा रुग्ण, इन्सुलिन पोटात काही न पडता घेतलेलं, घाम, बरळणं. शुगर खाली गेली असणार हे कुठल्याही सिस्टरला कळेल. पण डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, शिरेतून द्यायचं तर आधी आकडा हवा. यांचा स्वतःचा ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर मोजायचं यंत्र, खाली सामानात गेलेला. मी पेटीतला मागितला. पेटीत ग्लुकोमीटर नव्हता.

मग तिसरी घोषणा झाली, कोणाजवळ ग्लुकोमीटर आहे का? बारा-पंधरा रांगा मागून एक तरुणी लगबगीने आली. तिला लहानपणापासूनचा मधुमेह. तिने आपला मीटर, पट्ट्या, सुया सगळं माझ्या हातात दिलं. आकडा आला २.१. मला मिलिग्रॅमची सवय, हे यंत्र मिलिमोलमध्ये दाखवणारं. अठराने गुणलं. अडतीसच्या आत, म्हणजे फारच खाली. वेळ १.५५.

पेटीत ५० टक्के डेक्स्ट्रोज होतं. पण पेटीला सील होतं, आणि कंपनीच्या नियमाने ते डॉक्टरसाठीच तोडायचं. जमिनीवरच्या डॉक्टरची परवानगी हवी. पर्सर, म्हणजे क्रूचा प्रमुख, इंटरकॉमवरून कॉकपिटला सांगणार, वैमानिक रेडिओवरून खाली सांगणार, खालचा डॉक्टर प्रश्न विचारणार, तो प्रश्न त्याच वाटेने माझ्यापर्यंत येणार. तोपर्यंत रुग्णाचं बरळणंही थांबलं होतं. तोंडात साखर घालायची सोय उरली नव्हती, गिळता येत नसलेल्या माणसाच्या ती श्वासनलिकेत जाते. परवानगी आली. दोघांनी धरून त्यांना गॅलीजवळ, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेजवळ, आडवं केलं. त्या क्रूच्या मुलीने एका हातात मोबाइलचा टॉर्च आणि दुसऱ्या हातात सलाईनची पिशवी उंच धरली. विमान हलत होतं. दुसऱ्या प्रयत्नात शीर मिळाली. डेक्स्ट्रोज गेलं तेव्हा २.०७.

काही मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, पत्नीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘उतरायचं का?’

सत्तावीस मिनिटं. माझ्या वॉर्डात हेच काम चार-पाच मिनिटांत होतं. वॉर्ड आणि विमान सारखे नाहीत हे मला कळतं. पण त्या सत्तावीस मिनिटांतला फार थोडा वेळ विमान हवेत असल्यामुळे गेला. बाकीचा ओळखपत्रात, मीटर शोधण्यात आणि परवानगीत गेला. ही तिन्ही कामं तुमच्या टेबलावर ठरतात.

आजारी माणूस विमानात चढतो यात तुमचा काय दोष, असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल. आजार प्रवाशाचा, हे मान्य. पण त्याला ज्या उंचीवर बसवता ती उंची तुम्ही ठरवलेली आहे. केबिनमधला हवेचा दाब ८,००० फुटांवरच्या डोंगरावर असतो तितका खाली जाऊ दिला जातो. तिथे निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाणही काही टक्के उतरतं. ज्याचं हृदय किंवा फुप्फुस आधीच काठावर आहे त्याला ते काही टक्के पुरेसे होतात. शरीरात कोंडलेली हवा त्या दाबाला जवळपास तीस टक्क्यांनी फुगते. हवा कोरडी, पाय तासन्‌तास लोंबते, झोपेची आणि औषधांची वेळ चुकलेली. विमान बनवणाऱ्यांना हे कळलेलं आहे, म्हणून तर बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये केबिनची उंची ६,००० फुटांच्या आसपास ठेवली आहे. म्हणजे हा धोका तुम्हाला माहीत आहे आणि मोजलेला आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली पेटीबद्दल, आणि तीच सगळ्यात मोठी आहे. इकाओच्या नियमाप्रमाणे डॉक्टरांनी वापरायची वैद्यकीय पेटी १०० हून अधिक प्रवासी नेऊ शकणाऱ्या आणि दोन तासांहून लांबच्या उड्डाणावर लागते. त्याहून लहान विमान असेल किंवा पावणेदोन तासांचं उड्डाण असेल तर त्या नियमाने प्रथमोपचाराच्या पेटीवर भागतं. हृदयाला घड्याळ कळत नाही. अमेरिकेने एप्रिल २००४ पासून सक्तीची केलेली यादी पुष्कळांनी नमुना म्हणून वापरली. त्या यादीत ५० टक्के डेक्स्ट्रोज आहे, म्हणजे शुगर उतरलेला रुग्ण विमानात सापडणार हे यादी करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण ती उतरली आहे का हे सांगणारा ग्लुकोमीटर यादीत नाही. औषध ठेवलं आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायचं साधन ठेवलं नाही. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर नाही. स्टेथोस्कोप मात्र आहे. इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोप लावून बीपी घेऊन बघा एकदा. काही ऐकू येत नाही. आम्ही मनगटावर बोट ठेवून, नाडी परत लागते तो आकडा घेतो आणि त्यावर भागवतो. अनेक विमानांत ऑक्सिजनच्या ३१० लिटरच्या बाटल्या असतात. मिनिटाला चार लिटरने एक बाटली साधारण सव्वा तास पुरते. समुद्रावर असाल आणि जवळचा विमानतळ तीन तासांवर असेल तर बाटल्या किती आहेत हा प्रश्न जगण्यामरण्याचा होतो.

१९९५ सालची एक गोष्ट डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या विमानात एका स्त्रीच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली. त्या विमानात प्राध्यापक अँगस वॉलेस हे अस्थिशल्यविशारद होते. त्यांनी कपडे टांगायच्या हँगरची तार ब्रँडीने निर्जंतुक केली, लघवीची नळी त्या तारेवरून छातीत घातली, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती नळी तिच्यात सोडली आणि बाईंचा जीव वाचवला. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ही गोष्ट ऐकून सगळे वाहवा करतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. हँगरची तार वापरावी लागली, हे त्या गोष्टीतलं वाक्य कोणी परत वाचत नाही. त्याला तीस वर्षं झाली आणि मी अजून प्रवाशाकडून उसन्या घेतलेल्या मीटरवर काम करते आहे.

दुसरी तक्रार डिफिब्रिलेटरबद्दल, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राबद्दल. हृदय थरथरून थांबलं की शॉक मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आठ-दहा मिनिटांनंतर फारसं काही उरत नाही. जगातलं कुठलंही विमान दहा मिनिटांत खाली उतरून रुग्णाला दवाखान्यात पोहोचवू शकत नाही. एका अमेरिकन कंपनीने १९९७ पासून विमानांत एईडी (आपोआप चालणारा डिफिब्रिलेटर) ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दोन वर्षांचा त्यांचा अनुभव २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. यंत्र २०० वेळा लावलं गेलं, शॉक दिलेल्यांपैकी ४० टक्के लोक दवाखान्यातून चालत घरी गेले. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या माणसांमध्ये हा आकडा आम्हाला क्वचित बघायला मिळतो. तरीही इकाओच्या नियमात एईडी सक्तीचं नाही, कंपनीने स्वतःचा अंदाज घेऊन ठरवावं असं आहे. ‘फार थोड्या प्रवाशांना उपयोग होईल’ हा त्यामागचा विचार. लाइफ जॅकेटचा उपयोगही फार थोड्यांना होतो. ते आसनागणिक ठेवता ते बरोबरच आहे. मग संपूर्ण विमानाला एक एईडी का जड व्हावं?

तिसरी. तुमची सगळी व्यवस्था विमानात डॉक्टर निघेल या आशेवर उभी आहे. या विषयावरचा नेहमी सांगितला जाणारा अभ्यास २०१३ सालचा आहे. पाच विमान कंपन्या, जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१०, ११,९२० प्रसंग. साधारण ६०४ उड्डाणांमागे एक. त्यात ४८.१ टक्के वेळा प्रवाशांतला डॉक्टर मदतीला आला. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा डॉक्टर मदतीला नव्हता. जवळपास दर पाचव्या प्रसंगी परिचारिका धावून आली होती. तरी घोषणेत आमचं नाव नसतं. ‘कोणी डॉक्टर आहे का’ एवढंच ऐकू येतं, आणि किती परिचारिका, किती रुग्णवाहिकेवर काम करणारी माणसं ‘आपल्याला बोलावलेलं नाही’ म्हणून बसून राहत असतील. मी स्वतः पहिल्या घोषणेला उठले नाही. ती पहिली दोन-तीन मिनिटं माझ्या अंगावर आहेत, ती मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

ओळखपत्राचं मला समजतं. भलत्याच माणसाच्या हातात सुई द्यायची नाही, हे बरोबर. पण ओळखपत्र शोधत असताना रुग्णाला हात लावू देत नाहीत, हे कुठलं शहाणपण? आणि संशय सगळ्यांवर सारखा घेतला जात नाही. २०१६ साली अमेरिकेत एका तरुण कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टरने हात वर केला तर आम्हाला खरे डॉक्टर हवे आहेत असं सांगून तिला बसवलं, असं तिने जाहीरपणे लिहिलं, आणि त्यानंतर त्या कंपनीने ओळखपत्राचा नियमच काढून टाकला. एका कंपनीला जमलं ते बाकीच्यांना जमेल.

चौथी, निरोपांच्या साखळीबद्दल. २००१ नंतर कॉकपिटचं दार मजबूत करून बंद ठेवलं जातं, ते योग्यच आहे. पण त्यामुळे रुग्ण विमानाच्या शेपटाशी, वैमानिक पुढे, डॉक्टर जमिनीवर आणि मधे तीन माणसांच्या तोंडून जाणारे आकडे अशी अवस्था झाली. माझे २.१ खाली पोहोचताना कोणीतरी ‘एकवीस’ ऐकलं होतं. मिलिमोलमध्ये एकवीस म्हणजे शुगर आकाशाला भिडलेली, आणि त्या माणसाला डेक्स्ट्रोज द्यायचं नसतं. पर्सरने आकडा परत वाचून दाखवला म्हणून ते सुधारलं. त्या पर्सरचे मी आयुष्यभर आभार मानीन. आज प्रवासी आसनावर बसून इंटरनेट वापरतात. रुग्णाजवळच्या माणसाच्या कानाला हेडफोन लावून खालच्या डॉक्टरशी थेट बोलता येऊ नये हे आता पटण्यासारखं राहिलेलं नाही.

पाचवी तक्रार तुमच्याच कर्मचाऱ्यांच्या वतीने आहे, त्यांनी मला सांगितलेली नाही तरी. अनेक ठिकाणी ५० आसनांमागे एक क्रू हा किमान आकडा आहे, आणि तो विमान रिकामं करण्याचा हिशोब धरून ठरला आहे. एक जण रुग्णापाशी अडकला की बाकीचं विमान कोण बघतं? अमेरिकेच्या नियमात सीपीआर (छाती दाबून रक्त खेळतं ठेवणं) आणि एईडीचा प्रत्यक्ष सराव २४ महिन्यांतून एकदा. आमच्याकडे रोज हात चालतो तरी आम्ही सराव करतो, कारण छाती दाबण्याची खोली आणि गती काही महिन्यांत हातातून निसटते. शिवाय बाहुली जमिनीवर सपाट ठेवलेली असते. पंधरा-वीस इंचांच्या वाटेतून शंभर किलोचा माणूस ओढत गॅलीत न्यायचा कसा, हे कोण शिकवतं?

त्या मुलीने अर्धा-पाऊण तास सलाईनची पिशवी धरून ठेवली होती. मग तिने हात धुतले, केस नीट केले आणि सकाळचा नाश्ता वाटायला ट्रॉली बाहेर काढली. उतरायच्या आधी मी गॅलीत गेले तर ती पडद्यामागे उभी होती, उजवा हात डाव्या हाताने दाबून धरलेला, कारण तो थरथरत होता. मला म्हणाली, ‘सिस्टर, मी आधीच काही करायला हवं होतं का? मला ते झोपलेत असं वाटलं होतं. मी दोनदा त्यांच्या शेजारून गेले.’ मी तिला जवळ घेतलं. आणखी काय करणार? आमच्या विभागात असा प्रसंग झाला की नंतर सगळे एकत्र बसतो, काय झालं ते बोलतो, नवीन मुलीला त्या दिवशी लवकर घरी पाठवतो. तिचं पुढचं उड्डाण दुसऱ्या दिवशीच होतं.

सहावी, विमान वळवण्याबद्दल. इथे मी जपून बोलते, कारण तो निर्णय वैमानिकाचा आहे आणि त्याचाच राहिला पाहिजे. इंधनाने भरलेलं विमान उतरण्याच्या मर्यादेपेक्षा जड असतं. काही विमानांना हवेत इंधन सोडता येतं, काहींना नाही. धावपट्टी आहे पण गावात हृदयविकाराचा दवाखाना नाही, असंही असतं. त्या २०१३ च्या अभ्यासात ७.३ टक्के प्रसंगांत विमान वळवलं होतं, आणि दर वेळी वळवावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की वळवलं किंवा न वळवलं, तर त्याचं कारण लिहिलं जावं आणि रुग्णाच्या घरच्यांनी मागितलं तर त्यांना मिळावं. आज त्यांच्या हाती काहीही लागत नाही.

त्यालाच जोडून सातवी. विमानाला पक्षी धडकला तर त्याची नोंद होते, आणि इकाओकडे त्यासाठी जगभराची स्वतंत्र व्यवस्था आहे. विमानात माणूस कोसळला तर त्याची जगभर एकसारखी, सक्तीची नोंद नाही. वर दिलेले आकडे कुठून आले? कंपन्यांना सल्ला देणाऱ्या जमिनीवरच्या एका वैद्यकीय केंद्राच्या दप्तरातून. ते केंद्र आकडे देतं म्हणून आपल्याला कळतं. ज्या प्रसंगात खाली फोनच केला गेला नाही, तो कुठेच नाही. किती वेळा पेटीत हवं ते सापडलं नाही, याची मोजदाद कोण करतं? माझ्या रुग्णाचं नाव कुठल्याही आकड्यात आहे की नाही, मी विचारलं. उत्तरात त्या प्रश्नाला स्पर्शही नाही.

शेवटची, कायद्याची. अमेरिकेने १९९८ साली कायदा करून विमानात मदत करणाऱ्याला, त्याने घोर निष्काळजीपणा केला नसेल तर, दाव्यापासून संरक्षण दिलं. काही देशांत डॉक्टरने मदत करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, काही देशांत नाही. १९६३ च्या टोकिओ करारामुळे हवेतल्या गुन्ह्यांना विमानाची नोंदणी ज्या देशात त्याचा कायदा लागतो, एवढं तरी स्पष्ट आहे. मदत करणाऱ्याचं काय, हे मात्र देशागणिक वेगळं. ३५ हजार फुटांवर रात्री दोन वाजता सुई हातात घेताना मी कोणत्या देशाच्या कायद्यात उभी आहे हे मला माहीत नव्हतं. मी थांबले नाही. पण हे विचार डोक्यात येऊन थांबणाऱ्याला मी दोष देणार नाही.

आणि कंपन्यांनी असंही समजू नये की काही न करणं हा सुरक्षित मार्ग आहे. दम्याच्या एका प्रवाशाला धूम्रपान करणाऱ्यांपासून दूर बसवा अशी त्याच्या पत्नीने तीनदा विनंती केली होती. जागा असूनही कर्मचाऱ्याने ती नाकारली आणि तो प्रवासी विमानातच वारला. २००४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार म्हणजे विमान प्रवाशांच्या भरपाईविषयीच्या वॉर्सा कराराच्या अर्थाने ‘अपघात’च आहे असा निकाल दिला आणि कंपनीला जबाबदार धरलं.

माझ्या मागण्या आता सरळ मांडते.

विमान कितीही लहान असो, उड्डाण कितीही छोटं असो, प्रत्येक प्रवासी विमानात ग्लुकोमीटर व मुदतीतल्या पट्ट्या, पल्स ऑक्सिमीटर, आपोआप बीपी मोजणारं यंत्र आणि एईडी हवं. हे इकाओने नियमात घालावं. तोवर कंपन्यांनी नियमाची वाट पाहू नये, आज कोणी त्यांना अडवलेलं नाही. शुगर तपासणं आणि ती वाढवणारं औषध देणं क्रूला शिकवावं. मधुमेहाच्या रुग्णांचे घरचे लोक हे घरी करतात.

पेटीची यादी प्रत्येक कंपनीने जाहीर करावी. आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्याला तिकीट काढण्याआधी ती वाचता आली पाहिजे.

घोषणेचे शब्द बदला. ‘डॉक्टर, परिचारिका किंवा वैद्यकीय प्रशिक्षण असलेली कोणतीही व्यक्ती’ एवढं म्हणायला चार सेकंद लागतात. ओळख पटवण्याचं काम रुग्णाला हात लावण्याच्या आड येऊ नये. खालचा डॉक्टर दोन प्रश्न विचारून समोरची व्यक्ती जाणकार आहे की नाही हे ओळखतो.

रुग्णाजवळून जमिनीवरच्या डॉक्टरशी थेट बोलण्याची सोय करा. दर वर्षी क्रूकडून अरुंद जागेत, वजनाच्या बाहुलीवर सराव करून घ्या. प्रसंगानंतर त्या क्रूला पुढच्या उड्डाणातून मोकळं करा आणि त्यांच्याशी कोणीतरी बसून बोला.

प्रत्येक प्रसंगाची नाव वगळून सक्तीची नोंद व्हावी आणि दर वर्षी ती छापली जावी. मदत करणाऱ्याला सगळीकडे सारखं कायदेशीर संरक्षण मिळावं. त्यासाठी इकाओने सदस्य देशांपुढे मसुदा ठेवावा.

ते गृहस्थ विमानातून खुर्चीवर बसून उतरले, बोलत होते. पत्नीने माझा हात बराच वेळ सोडला नाही. ती मीटरवाली तरुणी सामानाच्या पट्ट्यापाशी भेटली. आम्ही रात्रभरात तिच्या पाच पट्ट्या वापरल्या होत्या. मी विचारलं, तुला पुरतील ना? तिने डबी उघडून मोजल्या. चार उरल्या होत्या आणि तिचं पुढचं विमान अजून बाकी होतं. कंपनीच्या उत्तरात माझे आभार आहेत, तिचा उल्लेख नाही. त्या पाच पट्ट्या तुमच्या पेटीत असायला हव्या होत्या.

आपली,
अतिदक्षता विभागातली एक परिचारिका